चौदाव्या दाताचा हुकूम

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, शुक्रवार, इंग्रजी तारीख पाच सप्टेंबर दोन हजार पंचवीस, सायंकाळी साडेपाचचा सुमार, मुक्काम देवास, माता टेकडीच्या पायथ्याची वसाहत: येथे चि. देवश्री ऊर्फ चिऊ, वय वर्षे साडेदहा, हिचा चौदावा दुधाचा दात भुट्टा खाताना पडला. या शब्दांत घटनेची नोंद तिच्या आजोबांनी, भगवंतरावांनी, भुट्टा थंड होण्यापूर्वीच केली. कारण त्यांच्या घराण्यात दात नुसता पडत नसे, तो रुजू होत असे.

ही रीत भगवंतरावांच्या वडिलांनी, अण्णांनी घातली. अण्णा धार संस्थानच्या दप्तरखान्यात कारकून होते. संस्थान विलीन झाले, दप्तरखान्याची कपाटे कलेक्टर कचेरीत गेली, अण्णाही त्या कपाटांमागून तेथेच गेले. पण त्यांच्या अंगातले संस्थान काही विलीन झाले नाही. चार घरांत मूल पडलेला दात उंदराच्या बिळापाशी टाकते आणि तुझा दात मला दे म्हणून मोकळे होते. अण्णांना हा व्यवहार फार ढिला वाटला. देणारा कोण, घेणारा कोण, अर्ज कुठे, मंजुरी कुठे? म्हणून त्यांनी मूषकसरकार स्थापन केले. साबणाच्या वडीवर त्यांनी स्वतःच्या हाताने शिक्का कोरला. तो कुंकवात बुडवून उमटवीत, आणि त्यात शेपटी वर केलेला एक उंदीर दिसे.

दात पडला की मुलाने स्वहस्ते अर्ज करायचा. त्यावर सरकारचा हुकूम यायचा आणि हुकुमात एक कामगिरी असायची. ती पार पाडून आठ दिवसांत अहवाल दिला, तर नवा दात मंजूर. खरे पाहता नवा दात तोवर हिरडीतून डोकावू लागलेला असे. पण मंजुरीआधी उगवलेल्या दाताला अण्णा अतिक्रमण म्हणत आणि मूल तोंड मिटून बसे.

वीस दात, वीस कामगिऱ्या. त्या वीस कामगिऱ्यांत त्या घरातल्या मुलांनी जग पाहिले. दिवसा चंद्र दिसतो तो कुठे दिसतो, हे सलग सात दिवस लिहायचे. टपाल कचेरीत जाऊन थैली उघडताना उभे राहायचे. मोहनखेड्याच्या धर्मशाळेच्या दारात बसून यात्रेकरू पाण्याला किती नावांनी हाक मारतात ते टिपायचे. भगवंतरावांच्या थोरल्या बहिणीला, यमुनेला, नवव्या वर्षी मामाकडे खातेगावला धाडले होते. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेग पडते ती किती खोल, हे तिने भेगेत काठी घालून मोजून आणले. काठी साडेतीन हात आत गेली आणि तळ लागला नाही, असे तिने लिहिले होते. तो कागद वाचताना अण्णा खाटेवर ताठ बसलेले, यमुना दारात उभी, तिच्या कपाळावर मामाच्या गावची धूळ तशीच: हे दृश्य भगवंतरावांना आजही काल पाहिल्यासारखे आठवे.

नियम चार होते. कोणास विचारू नये. पुस्तक उघडू नये. डोळ्यांनी दिसले तेवढेच लिहावे. आणि चौथा असा की, त्याच कामगिरीचा जुना अहवाल दप्तरात असेल आणि नवा त्याच्या विरोधी असेल, तर जुना ग्राह्य धरून मुलाने पुन्हा पाहणी करावी. जग दर पिढीला बदलत नाही, पाहणारा उतावळा असतो, असे अण्णांचे मत होते.

चौदाव्या क्रमांकाचा हुकूम मंगळवारी टपालाने धारहून आला. हल्ली मूषकसरकारचा कारभार यमुनाताईंकडे होता. वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सरकार म्हणजे धारची ताईआजी, हे चिऊला पहिल्या दातापासून ठाऊक होते. मात्र सरकारला वाईट वाटू नये म्हणून तिने ते आजवर कोणाला बोलून दाखवले नव्हते.

"आबा, वाचून दाखवा ना. अक्षरं कळतात, पर मतलब नाही कळत. जाहला म्हणजे?"

"जाहला म्हणजे झाला."

"मग झालाच लिहायचं ना! सरकारला टाइम खूप आहे."

भगवंतराव चष्मा लावून वाचू लागले. "श्रीमूषकसरकार, छावणी धार. चिरंजीव देवश्री इजला हुकूम ऐसा जे, तुमचा चौदावा दात सरकारजमा जाहला. बदली दात देण्यास सरकार राजी आहे. तत्पूर्वी कामगिरी नेमिली ती येणेप्रमाणे. दहा वेली पाहाव्या. वेल आधारास विळखा घालते ती…"

ते थांबले.

"पुढे?" चिऊ म्हणाली.

"ती कोणत्या अंगाने चढते, हे डोळ्यांनी पाहून लिहावे. जाणिजे."

"बस? हे तर एकदम सोपं आहे," असे म्हणून चिऊ चप्पल घालून कुंपणाकडे पळालीसुद्धा. भगवंतराव कागद हातात घेऊन तसेच बसून राहिले. सूनबाईंनी, रुचीने, चहा आणून ठेवला आणि विचारले, "बाबा, तब्येत बरी आहे ना? चेहरा कसा तरी दिसतोय."

"दुपारचे वांगे बाधले असेल," भगवंतराव म्हणाले. वांगी त्या दिवशी झालीच नव्हती.

एकसष्ट वर्षांपूर्वी, चौदाव्याच दाताला, ही कामगिरी पहिल्यांदा त्यांना मिळाली होती. सन एकोणीसशे चौसष्टचा श्रावण, नागपंचमीचा दिवस, अहवालाची मुदत त्याच संध्याकाळपर्यंत. गावाबाहेर कुस्त्यांची दंगल होती आणि ढोलाचा आवाज घरापर्यंत येत होता. दहा वर्षांचा भगवंत पायरीवर बसला, पाटी मांडीवर घेतली, वर कागद ठेवला आणि एकही वेल न पाहता लिहून मोकळा झाला: पाच वेली डावीकडून चढतात, पाच उजवीकडून. मग तो कुस्त्या पाहायला धावला.

इथवर गोष्ट पोरकटपणाची होती. पण अण्णांनी संध्याकाळी तो अहवाल वाचला, एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांचे डोळे भरून आले. पाच इकडून, पाच तिकडून! त्यांनी टाक उचलून समासात लिहिले: सृष्टी पक्षपात करीत नाही. खाली दिनांक घातला, शिक्का मारला, आणि शेजारच्या दोन घरांतली माणसे बोलावून ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवले. भगवंताच्या हातावर मावाबाटी ठेवली. ती त्याने खाल्ली. गोड होती, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट.

ते वाक्य मग घराण्याचे झाले. वाटणीच्या वेळी भावाभावांत अण्णांनी ते ऐकवले. मुंजीत, बारशात, मुलगी झाली म्हणून कोणी नाक मुरडले की, हे वाक्य येई. यमुनाताईंनी ते आपल्या शाळेच्या दर्शनी फळ्यावर अठ्ठावीस वर्षे लिहून ठेवले आणि निवृत्तीच्या भाषणाचा शेवटही त्यानेच केला. त्या वेळी पहिल्या रांगेत बसून भगवंतरावांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

ते स्वतः देवासच्या शाळेत चौतीस वर्षे इतिहास शिकवीत. मुलांना सांगत, साधन तपासा. एक बनावट कागद सगळे दप्तर नासवतो. आणि या चौतीस वर्षांत त्यांनी कोणत्याही वेलीकडे मान वर करून पाहिले नव्हते. स्वतःचा मुलगा अजेय लहान असताना दप्तर त्यांच्याच ताब्यात होते, तेव्हा चौदाव्या क्रमांकावर त्यांनी गुपचूप दुसरी कामगिरी घातली. पुढे ताईंनी दप्तर मागून घेतले आणि भगवंतरावांना नाही म्हणायला कारण सापडले नाही.

आता प्रश्न साधा होता. रविवारी, वद्य अष्टमीला, अण्णांचा पक्ष. सगळे धारला जाणार, जेवणानंतर चिऊ अहवाल देणार, आणि ताई जुना कागद काढणार. चिऊने पाच-पाच लिहिले तर सगळे सुरळीत. नाही लिहिले, तर एक तर चिऊ खोटी ठरणार, नाही तर ते.

बुधवारी संध्याकाळपर्यंत चिऊच्या सहा वेली झाल्या. कुंपणावरच्या गोकर्णाच्या तीन, शेजारच्या फत्तेसिंगांच्या परसातल्या वालाच्या दोन, चवळीची एक.

"सगळ्या एकाच साइडने, आबा. समोर उभं राहिलं ना, की डावीकडून उजवीकडे वर जाते. पप्पांच्या स्क्रूसारखी." अजेय औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फोरमन होता, आणि घरातल्या प्रत्येक डब्यात दोनचार स्क्रू हमखास सापडत.

"सहा म्हणजे काही दहा नव्हेत," भगवंतराव म्हणाले. "अजून पाहा. एखादी उलटी सापडेल."

"आणि नाही सापडली तर?"

"नीट पाहिले तर सापडेल."

"मी नीटच बघतेय," चिऊ म्हणाली आणि त्यांच्याकडे जरा रोखून पाहिले.

गुरुवारी टेकडीच्या पायऱ्यांशेजारी झुडपांवर चढलेल्या जांभळ्या रानवेली तिने पाहिल्या. तीन झाल्या, तिन्ही तशाच. कारल्याची आणि गिलक्यांची वेल तिने मोजलीच नाही. "त्या फिरत नाहीत. त्यांना बारीक हात असतात, त्यांनी पकडतात. हुकुमात विळखा लिहिलंय." नको त्या वेळी भगवंतरावांची छाती फुगली. हुकुमातला शब्द इतका काटेकोर तोलणारे मूल त्या घरात अण्णांनंतर हेच जन्मले होते.

राहिली दहावी. फाटकाजवळ बांबूवर चढणारी कोवळी गोकर्ण चिऊने शनिवारसाठी राखून ठेवली होती.

शुक्रवारी दुपारी चिऊ शाळेत, अजेय कामावर, रुची बाजारात खरेदीला. भगवंतराव शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेऊन फाटकाशी गेले. त्यांनी पक्का विचार केला होता. एक जरी उलटी सापडली, तरी वेली दोन्ही अंगांनी चढतात एवढे सिद्ध होते. मग विरोध राहत नाही, फक्त संख्येचा फरक राहतो, आणि संख्येच्या फरकाला नियम नाही. त्यांनी वेलीचा शेंडा वीतभर सोडवला आणि उलट्या बाजूने बांबूला गुंडाळायला घेतला. वेल ऐकेना. एक वेढा बसवला की वरचा निसटे. घाम निघाला, तेव्हा कुठे दोन जागी दोरा आवळून काम झाले.

"कंई मास्साब," कुंपणापलीकडून फत्तेसिंगांचा आवाज आला, "बेल से कुश्ती लड़ी रिया हो?"

"आधार देतोय. वाऱ्याने पडत होती."

"वारो?" फत्तेसिंगांनी स्तब्ध उभ्या झाडांकडे पाहिले. "अच्छा, अच्छा. दो भिया, आधार दो."

शनिवारी सकाळी भगवंतराव अंघोळ करून बाहेर आले, तो चिऊ फाटकाशी गुडघ्यांवर हात टेकून वाकलेली. त्यांना बघताच तिने ओरडून बोलावले. दोऱ्याखालचे वेढे त्यांनी घातले तसेच, उलटे होते. पण दोऱ्याच्या वर रात्रीतून तीन बोटे नवा शेंडा वाढला होता. तो आधी जरा बाहेर झुकला होता, जणू कोणाचा हात सोडवून घ्यावा तसा, आणि मग वळून डावीकडून उजवीकडे, आपल्या जुन्या वाटेने, बांबूला लागला होता.

"कोणीतरी हिला उलटं बांधलं, आबा. दोरा बघा. तरी ती सुलटीच गेली!"

भगवंतराव बराच वेळ वाकून पाहत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते वेल पाहत होते. इतकी साधी गोष्ट होती. पायरीवरून उठून परसात दहा पावले गेले असते, तर चौसष्ट साली दिसली असती. ढोल काही तेवढ्यात थांबणार नव्हता.

"कोणी बांधलं असेल?" चिऊने विचारले.

"कोण जाणे," भगवंतराव म्हणाले.

रविवारी सकाळी सहालाच गाडी निघाली. इंदूर मागे पडले, दोन्ही हातांना पिवळे पडू लागलेले सोयाबीन पसरले. मागच्या सीटवर चिऊ अहवालाची घडी पुन्हा पुन्हा उलगडून वाचीत होती. आत्ता सांगावे, असे भगवंतरावांना प्रत्येक गावाच्या पाटीवर वाटले. वाक्यही तयार होते. पण समोर अजेय गाडी चालवीत होता, शेजारी सूनबाई. आणि बहात्तरीला आलेल्या माणसाने सुनेदेखत नेमके कोणत्या सुरात म्हणावे, की मी खोटे बोललो होतो? धार आले.

यमुनाताईंचे घर म्हणजे शिक्षकांच्या वसाहतीतल्या तीन खोल्या आणि मागे एक पेरूचे झाड. ताईंनी दारातच भावाला नखशिखांत पाहिले. "भगवंता, पोट फार सुटलंय. आज वडे दोनच मिळतील."

"ताई, निदान पक्षाच्या दिवशी तरी…"

"पक्ष अण्णांचा आहे, तुझा नाही."

श्राद्ध झाले, कावळ्याने पेरूवरून उतरून घास नेला, खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी अशी पंगत उठली. दुपारी तीनला ताईंनी बाहेरच्या खोलीत चटई घातली आणि लाल रुमालात बांधलेले दप्तर पुढ्यात घेतले. त्यांनी गाठ सोडली, तेव्हा जुन्या कागदांचा, कुंकवाचा आणि कडुलिंबाच्या वाळक्या पानांचा तो वास खोलीत पसरला आणि भगवंतरावांना क्षणभर वाटले की अण्णा आतल्या खोलीत खाकरत आहेत. आता येतील, खाटेवर ताठ बसतील आणि विचारतील, कोणाचा दात?

"अर्जदार हजर आहे?" ताईंनी विचारले.

"जी, सरकार," चिऊ म्हणाली. तिने हात जोडले, पण हसू तिच्या मोकळ्या हिरडीतून बाहेर पडत होते.

"वाचा."

चिऊने वाचले. "मी दहा वेली बघितल्या. सगळ्या डावीकडून उजवीकडे वर चढतात. स्क्रूसारख्या. कारलं आणि गिलकं मोजलं नाही, कारण ते विळखा घालत नाही. दहाव्या वेलीला कोणीतरी उलटं बांधलं होतं. तिने ऐकलं नाही. देवश्री."

"भाषा हिंदीकडे झुकली आहे," ताई म्हणाल्या, "पण म्हणणे स्वच्छ आहे. तिने ऐकलं नाही, हे वाक्य चांगले आहे." मग त्यांनी दप्तरातली पाने उलटली, एक पिवळा कागद काढला, चष्मा नीट केला आणि वाचता वाचता त्यांच्या भुवया जवळ आल्या.

"चिऊ, इथे अडचण आहे. या कामगिरीचा जुना अहवाल आहे. तुझ्या आबांचा. पाच वेली डावीकडून, पाच उजवीकडून. खाली अण्णांचा शेरा. तो तुला पाठच असेल."

"सृष्टी पक्षपात करीत नाही," चिऊ पुटपुटली.

"नियम चौथा. विरोध आला, पुन्हा पाहणी. आठ दिवसांची मुदत."

"पर मैंने देखा है ना, ताईआजी! दहाच्या दहा!"

"आत्या, जाऊ दे ना," अजेय म्हणाला. "खेळ तर आहे. देऊन टाक मंजुरी."

ताईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की तो पस्तिशीतून थेट पाचवीत गेला. "जाऊ दे म्हणून दप्तर चालत नाही. आणि खेळ आहे म्हणूनच नियम आहेत. भगवंता, तूच सांग. तू दहा वेली पाहिल्या होत्यास ना?"

भगवंतरावांनी घसा साफ केला. "फार वर्षे झाली, ताई."

"वर्षे विचारली नाहीत."

भगवंतराव चटईची सुटलेली काडी खुडू लागले. त्याचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाने आपापल्या परीने लावला, आणि चिऊने तो सर्वांत वाईट लावला. ती खाली बसली, कंपासातून पेन्सिल काढली आणि स्वतःच्या कागदाकडे पाहू लागली.

"शायद मीच नीट बघितलं नसेल," ती हळू आवाजात म्हणाली. "आबा म्हणत होते, नीट बघितलं तर उलटी सापडेल. मी रानवेली लांबून बघितल्या होत्या. त्या असतील उलट्या." आणि तिने दहा या आकड्यावर आडवी रेघ ओढायला पेन्सिल टेकवली.

"खोडू नकोस," भगवंतराव म्हणाले.

आवाज इतका मोठा निघाला की स्वयंपाकघरातून रुची दारात आली.

"खोडू नकोस, चिऊ. तू पाहिलेस ते बरोबर आहे. मी एकही वेल पाहिली नव्हती." त्यांनी ताईंकडे पाहण्याचा प्रयत्न केला, पण नजर चटईच्या काठाशीच थांबली. "नागपंचमी होती, ताई. कुस्त्या होत्या. मी पायरीवर बसून लिहिले. पाच-पाच लिहिले, कारण ते दिसायला बरे दिसत होते. मग अण्णांनी तो शेरा लिहिला, माणसे बोलावली, आणि त्यानंतर मला सांगता आले नाही. त्या दिवशी नाही, ते गेले त्या दिवशी नाही, तुझ्या निवृत्तीच्या दिवशीही नाही."

चिऊने मान वर केली. "आणि तो दोरा?"

"तोही मीच बांधला."

"आबा!" चिऊचे डोळे विस्फारले. "तुम्ही तिला उलटं बांधलं? माझी वेल?"

"हो."

"फत्तेसिंगकाका म्हणत होते, तुमचे आबा बेलशी कुश्ती लढत होते म्हणून! मला वाटलं, मजाक करतायत." ती हसावे की रागवावे या पेचात होती. शेवटी तिने कागद उचलून छातीशी धरला आणि त्यांच्यापासून हातभर सरकून बसली. त्या हातभर अंतराने भगवंतरावांना जे लागले, ते बहिणीच्या कोणत्याही शब्दाने लागले नसते.

यमुनाताई पिवळ्या कागदाकडे पाहत होत्या. अठ्ठावीस वर्षे रोज सकाळी खडूने लिहिलेले वाक्य त्यांच्यासमोर होते, अण्णांच्या वळणदार अक्षरात, आणि त्याच्या वर, ज्यावर ते उभे होते त्या दोन ओळी. किती मुलींना त्यांनी ते ऐकवले असेल. मुलीचे नाव काढायला आलेल्या किती आयांना दारातून परत पाठवताना, किती बापांना समोर बसवून. त्यांनी चष्मा काढला. पदराच्या टोकाने काचा पुसल्या. काचा स्वच्छच होत्या. भगवंतरावांना आठवले, भेगेत काठी घालून आलेली ती नऊ वर्षांची मुलगी तळ लागला नाही असे लिहिताना जराही कचरली नव्हती. चार हात लिहिले असते, तर कोण तपासायला जाणार होते?

"आत्या," अजेय म्हणाला, "पण ते वाक्य तर खरंच आहे की. माणसांच्या बाबतीत."

"असेल," ताई म्हणाल्या. "माणसांच्या बाबतीत ते आपण खरे करायचे असते. त्यासाठी वेलींना साक्षीला आणायचे कारण नव्हते."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. शिक्का कुंकवात बुडवला, चिऊच्या हातातून कागद मागून घेतला, त्यावर उमटवला आणि तो परत दिला. उंदराची शेपटी थोडी फिसकटली, पण वाचता येण्याजोगी होती. चिऊ जिभेने हिरडी चाचपून पाहू लागली. मग ताईंनी जुना कागद हातात घेतला. तो फाडतील, असे भगवंतरावांना वाटले आणि ते अर्धवट उठले. ताईंनी तो फाडला नाही. समासात, अण्णांच्या शेऱ्याखाली, जागा उरली होती. तिथे त्यांनी आजची तिथी घातली. लिहिण्याआधी त्यांनी जे लिहायचे ते मोठ्याने म्हटले, कारण त्या घरात निकाल आधी ऐकवायचा आणि मग लिहायचा, असा शिरस्ता होता.

"चिऊचे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "भगवंता, तू खोटे लिहिलेस. आणि अण्णा चुकले."